पायातली रिंग: ११ महिने वापरून लिहितोय

बाईकवरून पडलो, नडगीचं हाड फुटून बाहेर आलं. पहिल्या दवाखान्यात प्लेट टाकली ती पिकली, मग दुसऱ्या डॉक्टरांनी प्लेट काढून सडलेलं हाड कापलं आणि उरला ६ सेंटीमीटरचा गॅप.

आता गॅप भरायचा कसा? एक म्हणजे सिमेंटचा गोळा ६ ते ८ आठवडे ठेवायचा, त्याच्याभोवती पडदा धरतो, मग आत कमरेचं हाड भरायचं. शेजारच्या बेडवरच्या काकांचं तेच केलेलं, पायापेक्षा कंबरच ठणकते म्हणायचे. दुसरा चुंबकावर सरकणारा आतला रॉड, बाहेरून काही दिसतच नाही, पण किंमत ऐकून पप्पा गप्पच झाले आणि तसंही डॉक्टर म्हणाले, पू झालेल्या हाडात इतक्यात लोखंड नको. मग राहिली रिंग, इलिझारोव्ह: पायाभोवती बाहेरून धातूच्या कड्या, आणि त्या हाडाला धरून ठेवायला कातडीतून हाडात आरपार घातलेल्या तारा.

सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्हनी १९५० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापतात, आठवडाभर थांबतात, मग तो तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा, मागे नवीन हाड धरत येतं. आणि सरकवायचं आपणच! दहा नंबरचा पाना, बाईकच्या टूलकिटमधला असतो तोच, दिवसातून ४ वेळा पाव पाव फेरा. आई कॅलेंडरवर खुणा करायची, तरी एकदा झोपेत मी उलटा फिरवलाच.

त्रास खरंच खूप आहे. तुकडा सरकतो तशी तार कातडी चिरत जाते, तारेच्या भोकातून पाणी येतं, रोज ड्रेसिंग, कूस बदलता येत नाही, पॅन्टची एक बाजू उसवून वेल्क्रो लावलं. पण तिसऱ्या दिवसापासून वॉकर घेऊन पाय टेकवला, हे प्लेटवाल्यांनी कधी करू दिलं नव्हतं. दोन महिन्यांनी एक्सरेत गॅपच्या जागी ढगासारखं काहीतरी दिसलं, तेच माझं हाड.

फक्त खाली जिथे तुकडा येऊन टेकला तिथे काही केल्या जुळेना, शेवटी कमरेचं हाड काढून तिथे भरलंच. काकांना फोन केला तर पाच मिनिटं हसत होते.

कुणाला बसवणार असतील तर पाने दोन घेऊन ठेवा, एका नटाला धरायला दुसरा लागतोच, आणि रात्री एक कॉटखाली जातो.