पीनट बटर घेताना डब्याची मागची बाजू वाचावी

नागपुरात धरमपेठेतील सुपरमार्केटपासून इतवारीतील किराणा दुकानांपर्यंत पीनट बटरचे डबे आता सर्रास मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक डब्यावर प्रोटीनचा आकडा ठळक छापलेला असतो. हे प्रोटीन मुळात फल्लीदाण्याचेच असते. 100 ग्रॅम दाण्यांत ते साधारण 25 ग्रॅम असून निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हा दावा तर निव्वळ शोभेचा, कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलबीत ते नसतेच.

खरा फरक घटकांच्या यादीत आहे, जिथे वजनाने सर्वाधिक असलेला घटक प्रथम लिहिला जातो. पिंटोला आणि अल्पिनो यांच्या नॅचरल प्रकारात केवळ भाजलेले शेंगदाणे आहेत. सनड्रॉपच्या क्रीमी प्रकारात साखर आणि मीठही आहे. अमेरिकेतील नियमानुसार पीनट बटरमध्ये किमान 90 टक्के शेंगदाणे असावे लागतात, आणि आपल्याकडचा डबा पारखतानाही मी हाच आकडा प्रमाण मानतो. चॉकलेटच्या प्रकारांना मी पीनट बटर समजतच नाही. ती मिठाई आहे.

‘हायड्रोजनेटेड तेल नाही’ (म्हणजे प्रक्रियेने घट्ट केलेले तेल नाही) एवढे वाचून समाधान मानू नये, कारण त्याच्या जागी बरेचदा पाम तेल असते, जे मुळातच अर्धवट घट्ट असल्याने दाण्याचे तेल वर येऊ देत नाही. यादीत आयएनएस 471 या क्रमांकाने लिहिलेला स्थिरीकारकही त्याच कामासाठी घातलेला असतो. उलट शुद्ध प्रकारात तेलाचा थर वर तरंगतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर तो चांगला बोटभर होतो. ग्राहक त्यालाच खराब माल समजून डबा परत ठेवतात, हे मात्र खटकते. लांब सुरी तळापर्यंत घालून डबा नीट ढवळावा आणि मग फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे तेल पुन्हा सहसा सुटत नाही. वरचे तेल ओतून टाकल्यास तळाशी उरलेला गोळा इतका कोरडा होतो की तो पोळीवर पसरतच नाही.

चवीला शुद्ध प्रकार पहिल्यांदा सपक वाटतो, पण चिमूटभर मिठाने तो सुधारतो. शिवाय भाजीच्या रश्श्याला दाटपणा आणण्यासाठीही तो वापरता येतो, जे गोड डब्याच्या बाबतीत शक्य नाही.