सोळा, सतरा की अठरा? एसयूव्हीची चाकं बदलण्याआधी

टायर गोटा झाले की आपण कंपनी आणि भाव या दोनच गोष्टींवर डोकं घालवतो. माप मात्र जे उतरवलं तेच परत चढवायचं, त्यात विचार तो काय करायचा? मीही तसाच निघालो होतो. मग कोकणच्या रस्त्याने विचार करायला लावलं.

क्रेटा-सेल्टोससारख्या एसयूव्हींच्या वर्गात तीन मापं दिसतात: खालच्या व्हेरिएंटला २०५/६५ आर१६, वरच्याला २१५/६० आर१७ आणि हौशी आवृत्त्यांना २१५/५५ आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. सोळा-सतरा-अठरा म्हणतात ते हेच इंच. माझी गाडी याच वर्गातली, सतरावाली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढची तक्रार एकाच गाडीपुरती नाही.

अठराचं आधी उरकतो. आमच्या मेहुण्यांनी त्यांच्या गाडीला अठरा घातले आणि गाडी खरंच देखणी दिसते, यात वाद नाही. ते नेरुळला राहतात. पाम बीच रोड, अटल सेतू, फार तर महिन्यातून एकदा समृद्धीवरून नाशिककडे. तिथे ती चाकं शोभतात, वळणावर गाडी बांधल्यासारखी राहते. पण टायरच्या कडेची उंची सतराला १२९ मिलिमीटर असते ती अठराला ११८ वर येते. खड्ड्यात चाक गेलं की रिम आणि डांबर यांच्यात तेवढंच रबर. त्यांच्या गाडीत मी डोंबिवलीत एकदाच बसलो. मानपाडा रोडवर प्रत्येक खड्डा कमरेला मोजता येत होता. ज्याचा रस्ता चांगला आहे त्याने जरूर घ्यावेत. माझा नाही.

म्हणजे खरी निवड सतरा की सोळा. कागदावर हा सामना जवळजवळ बरोबरीचा आहे, हे आधीच मान्य करतो. २०५/६५ आर१६ ची कडेची उंची १३३ मिलिमीटर, म्हणजे सतरापेक्षा चारच मिलिमीटर जास्त. कोणी 'सोळा घातले आणि गाडी गादीसारखी झाली' असं सांगितलं तर निम्मं सोडून द्या. सतराचा टायर एक सेंटिमीटर रुंद, घाटात भरवसा थोडा अधिक, दिसायला भारदस्त. गाडी नवी घेतली तेव्हा सोळा आणि सतरा यांतला फरक मला कोणी विचारला असता तर मी सतराच म्हणालो असतो.

२०२५ चे गणपती २७ ऑगस्टला होते. आदल्या पहाटे साडेचारला आम्ही माणगावच्या अलीकडे होतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे रस्त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. पाऊस, समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे, पाण्याने भरलेला खड्डा आणि डावीकडून 'धाड'. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला अंगठा जाईल एवढी चीर, रिमचा काठ आत दुमडलेला. पंक्चर असतं तर काढलं असतं. कडेला चीर गेली की तो टायर भंगारात.

स्टेपनी काढायची तर डिकी रिकामी हवी. मखर, तांदळाची पोती, आईची चटई, फराळाचे डबे असं सगळं ताडपत्रीवर मांडलं. बायकोचा हरताळकेचा उपास, ती डोक्यावर छत्री धरून उभी. डिकीच्या तळाचा पुठ्ठा उचलला आणि तीन वर्षांत प्रथमच स्टेपनीकडे नीट पाहिलं. २०५/६५ आर१६, लोखंडी रिम, वर पिवळा स्टिकर: ८० च्या वर जाऊ नका. बाकीची चार चाकं सतराची आणि पाचवं सोळाचं.

फरक किती? सतराच्या चाकाचा व्यास साधारण ६९० मिलिमीटर, या सोळाच्या चाकाचा ६७३. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. पुढे एक चाक मोठं आणि एक लहान लावलं तर सरळ रस्त्यावरसुद्धा दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला, क्षणाची उसंत मिळत नाही. लांब पल्ल्यासाठी हे बरं नव्हे. आमच्या मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "साहेब, पुढे लावू नका. मागचं चांगलं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे टाका." म्हणजे एका टायरसाठी दोन चाकं काढायची. आधी मागे जॅक, मग पुढे जॅक. पावसात, चिखलात, मोबाईलच्या उजेडात. सव्वा तास गेला.

आणि एवढं करून टायर मिळाला का? महाडला दुकानदार म्हणाला, "सतरा नाही दादा. सोळात बघा, ब्रेझाचे चार पडलेत." ब्रेझाचं माप २१५/६० आर१६, माझ्या कोणत्याच चाकाशी न जुळणारं. चिपळूणला म्हणाले, "मागवतो, पण शुक्रवार उजाडेल." शुक्रवारपर्यंत कोकणात दीड दिवसाचे गणपती विसर्जनही होतात. गौरी-गणपती आटोपून परत येईपर्यंत मी ताशी ८० च्या खाली, त्या तिरक्या जोडणीवर, डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा बघत चालवत होतो, कारण स्टेपनीत सेन्सरही नव्हता.

कंपन्यांना दोष तरी किती द्यायचा! मोटार वाहन नियमांच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या गाडीला स्टेपनी दिलीच पाहिजे असं नियमही म्हणत नाही. निदान लहान का होईना, पाचवं चाक मिळालं म्हणायचं. पण कडेच्या चिरेला किट काय करणार?

घरी आल्यावर टायर लगेच घेतले नाहीत. २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के होणार होता, तेवढी कळ काढली. तोवर दुकानदाराशी घोळ चालू होता. त्याने एक मोहात पाडणारं माप सुचवलं: २१५/६५ आर१६, पूर्वी डस्टरला यायचं ते. व्यास ६८६, म्हणजे सतराच्या अगदी जवळ. कडेची उंची १४० मिलिमीटर. रस्ता बघता तिघांत हेच सरस, आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण मग स्टेपनी पुन्हा वेगळी राहणार! पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा तर तो डिकीच्या खोबणीत बसेल की पुठ्ठा वर येईल, हे दुकानदार छातीठोक सांगेना. शिवाय ते माप माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करण्यावर बंधन घालणारं) आणि उद्या विम्याचा दावा, या दोन्ही ठिकाणी 'कंपनीने याच मॉडेलला दिलेलं माप' हे उत्तर हातात असलेलं बरं, असं मला वाटतं. कोणी २१५/६५ घालून खूश असेल तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

शेवटी चारही चाकं २०५/६५ आर१६ केली. खालच्या व्हेरिएंटलाही तीच येतात, त्यामुळे ब्रेकवरून रिम जाईल का ही काळजी नव्हती. रिम कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतल्या, कंपनीच्याच, नवी गाडी घेताच कोणीतरी मोठ्या चाकांच्या हौसेने उतरवलेल्या. तिथे जाणार असाल तर एक गोष्ट बघा. पाच बोल्ट ११४.३ वर (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास) जुळले म्हणजे रिम जुळली असं विक्रेता म्हणेल. मधलं भोकही बघा. क्रेटा-सेल्टोसच्या हबला, म्हणजे रिम ज्यावर चढते त्या मधल्या भागाला, ६७.१ मिलिमीटर लागतं. ग्रँड विटाराच्या रिमचे बोल्ट जुळतात, पण भोक ६०.१ चं, ती हबवर बसणारच नाही. भोक मोठं असेल तर रिंग टाकून भागतं, लहान असेल तर परत फिरा. टायरवर मापाशेजारी छापलेला भाराचा आकडाही वाचा: ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. सतराला ९६, म्हणजे ७१० किलो. आमच्या पाच जणांना आणि मखराला पुरून उरतं, पण ९५ च्या खाली उतरू नका.

काय गमावलं तेही सांगतो. जमिनीपासूनची उंची आठ मिलिमीटरने कमी झाली. आमच्या सोसायटीच्या आडदांड स्पीडब्रेकरला अजून घासली नाही, एवढंच म्हणू शकतो. चाक लहान झाल्यामुळे गाडी अंतर थोडं फुगवून सांगते. राजापूरजवळच्या गावापर्यंतचा जुना आकडा आता नऊ-दहा किलोमीटरने वाढलाय. कशेडीच्या जुन्या घाटातून गेलो तेव्हा वळणावर गाडी किंचित जास्त कलली असं वाटलं. बोगद्यातून गेलात तर तेही जाणवणार नाही. दिसण्याचं विचाराल तर लेक म्हणाली, "बाबा, गाडी बूट काढून चपलेवर आल्यासारखी दिसते." बरोबर आहे तिचं.

आणि मिळवलं काय? खड्ड्यावरचा धक्का बोथट झालाय असं मला रोज वाटतं. चार मिलिमीटरचा तो प्रताप की नव्या रबराचा, मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. टायरमागे दीडेक हजार वाचले. खरं समाधान डिकीच्या तळाशी आहे. स्टेपनीचा पाचवा टायरही त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा टाकला. आता दर आठ हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवतो, त्यामुळे पाचवं चाक पडून म्हातारं होत नाही. लोखंडी रिम एका कोपऱ्यात गरिबासारखी दिसते, तिला प्लास्टिकची टोपी मिळते का बघतोय.

तुमच्या गाडीत पाचही चाकं सतराची असतील तर माझा अर्धाअधिक मुद्दा गळतो. मग सतराच ठेवा, चांगलं माप आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी डिकी रिकामी करा, पुठ्ठा उचला आणि स्टेपनीवरचा आकडा वाचा. घराखाली, कोरड्यात, दिवसाउजेडी.