पन्नाशी ओलांडलेली गाडी: व्हिंटेज नोंदणी करावी की साधे री-पासिंग?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दुप्पट केली. तेव्हापासून जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरतो आहे: दर पाच वर्षांनी री-पासिंग, म्हणजे साध्या नोंदणीचे नूतनीकरण, करत राहायचे, की २०२१ च्या नियमांखाली गाडी एकदाची व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकायची? मी री-पासिंग निवडले. पण फक्त पैशाचा हिशोब मांडला तर उत्तर दुसरीकडे झुकते, म्हणून आधी पैसे पाहू.

कारचे नूतनीकरण मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी आता १०,०००. मोटरसायकल ३०० वरून १,००० आणि तिथून २,००० वर गेली. आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० होते, ते ८०,००० झाले. आयात दुचाकीला १०,००० चे २०,०००. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची फी २०२१ च्या नियमांत ठरलेली आहे: पहिल्या नोंदणीला २०,०००, ती दहा वर्षे चालते, आणि पुढच्या वेळी ५,०००.

म्हणजे फियाट ११००, ॲम्बॅसॅडर मार्क टू किंवा स्टँडर्ड हेराल्ड असेल तर पहिल्या दहा वर्षांत दोन्ही बाजूंना वीस-वीस हजारच पडतात. फरक दुसऱ्या दशकात दिसतो, तिथे व्हिंटेज पुष्कळ स्वस्त. दुचाकीचे उत्तर एका ओळीत संपते: जावा, येझ्दी, बुलेट, लँब्रेटा यांच्या दहा वर्षांच्या री-पासिंगला ४,००० लागतात, त्यासाठी २०,००० भरण्यात अर्थ नाही.

आयात गाडीचे गणित मात्र एकदम पालटते. दहा वर्षांत दोन नूतनीकरणे म्हणजे १,६०,००० रुपये आणि व्हिंटेजला २०,०००. इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत तुमच्या गाडीपुढे 'आयात' अशी नोंद आहे का? कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने इथे जोडलेल्या डॉज आणि प्लायमाउथ दिसायला थेट अमेरिकेतून आल्यासारख्या असतात, पण त्यांची विक्री आणि पहिली नोंदणी भारतीय कंपनीची गाडी म्हणून झालेली असू शकते. जुन्या आरसी पुस्तकातले उत्पादकाचे नाव आणि संगणकातली नोंद शेजारी ठेवून वाचा. त्या एका शब्दामुळे फी दहा हजार होते किंवा ऐंशी हजार, तेव्हा नोंद चुकीची असेल तर फी भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. भरल्यानंतर परतावा मागत बसणे फार जड जाते.

विम्यातही व्हिंटेजचे पारडे जड आहे. २०२२ च्या थर्ड पार्टी दरांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला हप्त्यात ५० टक्के सूट आहे. त्या दरांनी १,००० ते १,५०० सीसीच्या कारला वर्षाला ३,४१६ रुपये लागतात आणि १,५०० च्या वर ७,८९७. फियाटच्या १,०८९ सीसी इंजिनाला वर्षाला सतराशे वाचतात. सहा सिलिंडरच्या अमेरिकन गाडीला जवळजवळ चार हजार, म्हणजे दहा वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास. ही सूट पॉलिसीत स्वतंत्र ओळीवर दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर एजंटला विचारा, आपोआप मिळेल असे धरून चालू नका. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा असेल, तर पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. दोन्ही वाटांवर हे सारखेच आहे. चारही बाजूंचे फोटो, क्रोमचे भाग, इंजिन नंबर आणि केलेल्या कामाची बिले एकत्र ठेवली तर आकडा मान्य करून घेणे सोपे जाते.

पात्रतेवर फार रेंगाळत नाही. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी हवी. म्हणजे ऐंशीच्या दशकातली पद्मिनी, कॉन्टेसा किंवा पहिली मारुती ८०० घेऊन बसलेल्यांना आज री-पासिंगशिवाय वाट नाही. आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. महाराष्ट्रात हीच अट बहुतेकांना आडवी येते, विशेषतः जीपवाल्यांना. मूळचे पेट्रोल हरिकेन इंजिन काढून डिझेल बसवलेल्या सीजे-थ्रीबी गावोगाव दिसतात. तो बदल आरसीवर रीतसर चढवलेला असला तरी गाडी मूळ स्वरूपात राहत नाही. मागाहून इसुझू इंजिन बसवलेल्या ॲम्बॅसॅडरचेही तेच. अशी गाडी व्हिंटेजसाठी नेण्यापूर्वी मूळ इंजिन परत बसवण्याचा खर्च धरा आणि मग री-पासिंगची फी किती वाटते ते पाहा.

जुना नंबर जाईल या भीतीने काही जण व्हिंटेजला नाही म्हणतात. ती भीती बाळगू नका. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. 'व्हीए' अक्षरांची मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे. 'एमएच' येण्याआधीचे, तीन अक्षरांचे मुंबईचे नंबर दोन्ही वाटांवर टिकतात.

आता ज्या अडचणीमुळे माझा निर्णय झाला ती. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यवसायाच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. वाचताना अट रास्त वाटते. अडचण सुरू होते ती रविवारी सकाळी सात वाजता. घरच्यांना घेऊन वीस किलोमीटरवर नाश्त्याला जाणे ही देखभाल आहे का? गॅरेजमधून परतताना वाटेत भाजी घेतली तर? देखभालीसाठीची फेरी किती लांब असावी, याचा आकडा नियमात नाही. चौकात हवालदाराला कदाचित समजावता येईल. पण त्याच फेरीत अपघात झाला आणि समोरच्याला इजा झाली, तर विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न गाडी कुठे निघाली होती हाच विचारणार. हप्त्यातले सतराशे रुपये वाचवून हा प्रश्न अंगावर घ्यावा असे मला वाटत नाही.

बरे, या गाड्या उभ्या राहून टिकत नाहीत. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, व्हील सिलिंडर आतून गंजतो आणि रबरी कप तिथेच चिकटतात. महिनाभर उभी असलेली गाडी काढली की एखादे चाक ओढत राहते आणि ड्रम तापतो. पावसाळ्यात क्लचप्लेट फ्लायव्हीलला धरते. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनिंग ड्रमला चिकटते, म्हणून लांब उभी करताना हँडब्रेक सोडून चाकाला लाकडाचा ओंडका लावा. नायलॉन टायरला एका जागी सपाटी येते. गॅरेजमध्येच दहा मिनिटे इंजिन चालवून भागेल असे अनेकांना वाटते, पण त्याने उलट होते. ऑइल नीट तापत नाही, आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट साय जमते. डायनॅमो तर संथ आयडलिंगवर बॅटरीला जवळपास काहीच देत नाही, स्टार्टरने खाल्लेला करंटसुद्धा भरून निघत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पाणी आणि ऑइल पूर्ण तापून पुढे दहा-बारा किलोमीटर, म्हणजे एकूण वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी हवी. तीत चारही गिअर लागावेत आणि ब्रेक दोन-चार वेळा जोर देऊन दाबले जावेत.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते ओल खेचते. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की पाणी आणि इथेनॉल खाली बसते, टाकीचा तळ गंजतो आणि तो गंज पंपातून कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरपर्यंत पोचतो. जुने रबरी होज आतून मऊ होऊन सुटतात. इथेनॉल चालणारा होज घ्या, त्यावर 'एसएई जे-३० आर-९' असा छाप असतो; सोबत पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोटची सुई बदला, आणि टाकी भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा. हा त्रास दोन्ही नोंदणींत आहे, पण फिरत्या गाडीत पेट्रोल ताजे राहते. उभ्या गाडीत ते सडते.

री-पासिंगची वाट सोपी आहे असे मात्र समजू नका. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरता येतो. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० जादा, म्हणजे कारचे कागद दोन वर्षे पडून राहिले तर १२,००० वर जातात. खरी खोळंबा करणारी गोष्ट म्हणजे बॅकलॉग. गाडीची नोंद अजून जुन्या रजिस्टरातच असेल तर आधी ती संगणकावर चढवावी लागते, आणि तोवर ऑनलाइन फीसुद्धा भरता येत नाही. चढवताना शून्याच्या जागी 'ओ', एकच्या जागी 'आय', किंवा चेसिस नंबरची सुरुवातीची अक्षरे गळणे, या चुका नेहमीच्या. चेसिसवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि तो ठसा, आरसी पुस्तक आणि संगणकातली नोंद अक्षर अक्षर जुळवा. नंबरावर ग्राइंडर कधीही चालवू नका. पुसट झालेला नंबर संशयास्पद ठरतो आणि मग गाडी कोणत्याच वाटेने पुढे जात नाही.

हाय सिक्युरिटी नंबरपाटीचे बुकिंगही याच नोंदीवर अडते. महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी लागतात. पाटी लावताना रिव्हेटसाठी मूळ क्रोम बंपरला भोक पाडू देऊ नका. बंपरच्या बोल्टवर बसणारी लोखंडी पट्टी आधी करून न्या आणि पाटी त्या पट्टीवर लावून घ्या.

इन्स्पेक्टरसमोर गाडी नेताना हॉर्न, वायपर, ब्रेकलाइट, साइड इंडिकेटर, हँडब्रेक चालू हवेत. सहा व्होल्टच्या जुन्या विलीजचे दिवे मंद दिसतात. अनेकदा दोष बल्बचा नसून अर्थिंगचा असतो, म्हणून दिव्यांच्या आणि बॅटरीच्या अर्थच्या जागा घासून घ्या. पीयूसीची मर्यादा या जुन्या गाड्यांना अशक्य नाही. चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम. जुन्या दुचाकीला ४.५ टक्के आणि ९,०००. हायड्रोकार्बन वर गेला तर बहुधा मिसफायर असतो. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट आणि प्लग पाहा. ॲम्बॅसॅडरच्या पॉइंटला पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) आणि प्लगला पंचवीस थाऊ गॅप ठेवा. मोनॉक्साइड वर गेला तर मिश्रण जाड आहे. एसयू कार्बोरेटर असेल तर जेटखालचा नट एका वेळी एकच पैलू वर घ्या आणि दर वेळी इंजिन सावरू द्या. चाचणीला गाडी दहा किलोमीटर चालवून, गरम असतानाच न्या. चोक पूर्ण आत गेलेला आहे ना हेही बघा, अर्धवट अडकलेल्या चोकने बऱ्याच गाड्या नापास होतात.

व्हिंटेजचे कागद तुलनेने थोडे आहेत: नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, विमा, फी, जुने आरसी पुस्तक, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद. प्रमाणपत्र साठ दिवसांत द्यायचे असते. मूळपणाची तपासणी डोळ्यांनीच होणार, तेव्हा जुन्या जाहिराती, मालकाचे मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग जवळ असलेले बरे. वर्षातून दोन-तीन रॅलींपुरतीच निघणारी, मूळ इंजिनाची आयात गाडी असेल तर मी स्वतःही व्हिंटेजच करीन, तिथे दीड लाखाशी वाद घालण्यात अर्थ नाही. दिल्लीत राहणाऱ्यांनाही हा लेख फारसा उपयोगी नाही. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे तिथले नियमच निराळे आहेत. पण इथली फियाट, ॲम्बॅसॅडर, हेराल्ड किंवा जीप असेल आणि तिला महिन्यातून दोनदा मोकळ्या रस्त्यावर न्यायचे असेल, तर दहा हजार भरून साधी आरसी चालू ठेवणे मला तरी जास्त पटते. पाच वर्षांनी नियम आणखी बदललेले असतील, गाडीही पुढे सरकलेली असेल, तेव्हा व्हिंटेजचा विचार पुन्हा करता येईल. उलट दिशेने परत येता येईल का, याबद्दल २०,००० भरण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा आणि आवक शिक्का मारलेली प्रत आरसीबरोबर ठेवा.