कलम 32 की कलम 226: रिट दाखल करायची कुठे?

मूलभूत हक्कावर गदा आली की थेट दिल्ली गाठायची, म्हणजे संविधानाच्या कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात रिट (सरकारला आदेश द्यावा अशी मागणी करणारी याचिका) करायची, हा सल्ला सर्रास मिळतो. दुसरी वाट कलम 226 खाली उच्च न्यायालयाची. कागदावर तो चूक नाही. कलम 32 हा स्वतःच मूलभूत हक्क आहे आणि ‘आधी उच्च न्यायालयात जा’ ही हरकत सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर खटल्यात (1950) फेटाळली होती. आज मात्र पहिल्याच सुनावणीत नेमकं तेच विचारलं जातं. ठोस उत्तर नसेल तर याचिका मागे घ्यावी लागते. तेव्हा उच्च न्यायालयात जाण्याची मुभा आदेशात नोंदवून घ्यायला विसरू नका.

खरा फरक आवाक्यात आहे. 32 फक्त संविधानाच्या भाग तीनमधल्या, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी, तर 226 त्यापलीकडच्या कायदेशीर हक्कांसाठीही. समजा, सरकारने नोटीस न देता जमीन ताब्यात घेतली. मालमत्तेचा हक्क 44व्या घटनादुरुस्तीने (1978) मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि कलम 300अ मध्ये आला. त्यामुळे वाट उच्च न्यायालयाचीच. मनेका गांधी (1978) आणि पुट्टस्वामी (2017) निकालांनी कलम 21 चा (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) अर्थ रुंदावला हे खरं, पण प्रत्येक तक्रारीवर 21 चा शिक्का मारला की ती 32 मध्ये बसते असं नाही. प्रतिवादी कोण, यावरही बरंच ठरतं. झी टेलिफिल्म्स खटल्यात (2005) क्रिकेट नियामक मंडळ कलम 12 खालचं ‘राज्य’ (ज्याच्याविरुद्ध मूलभूत हक्क मागता येतात) ठरलं नाही, म्हणून 32 ची याचिका टिकली नाही. 226 चा मार्ग मात्र खुला राहिला.

226 मध्ये अडतं ते पर्यायी उपायावर. अपील किंवा न्यायाधिकरणाची सोय असेल तर न्यायालय तिकडे पाठवतं. व्हर्लपूल निकालातले (1998) अपवाद असे: मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्याय (बाजू ऐकून घेणं वगैरे) डावलणं, अधिकारक्षेत्राबाहेरचा आदेश, कायद्याच्याच वैधतेला आव्हान. यातला कुठला लागू होतो ते याचिकेत घटनांसह मांडा. नुसता उल्लेख पुरत नाही.

226 मध्ये हरलात तर कलम 136 खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारी) करता येते. 32 मध्ये हरलात तर त्याच न्यायालयाकडे निकालाच्या फेरविचाराची पुनर्विलोकन याचिका आणि त्यानंतरची शेवटची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे जवळपास काहीच नाही. उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर (मुद्दा तपासून) फेटाळलेला मुद्दा पुन्हा 32 खाली नेता येत नाही (दर्याव, 1961). हेबियस कॉर्पसला (बेकायदा डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची रिट) ही आडकाठी नाही.

एकाच वक्तव्यावरून अनेक राज्यांत गुन्हे नोंदले गेले असतील तर मात्र 32 च बरं, कारण दुसऱ्या राज्यातला गुन्हा एकत्र करण्याचा अधिकार कुठल्याही उच्च न्यायालयाला नाही.

दोन्हीकडे ठरावीक मुदत नाही, तरी विलंब भोवतो. 32 खालीही (तिलोकचंद मोतीचंद, 1968). याचिकेतल्या तारखांच्या यादीत मधल्या रिकाम्या महिन्यांचं कारण लिहा, तिथेच पहिलं बोट ठेवलं जातं.