बर्गारा बी-१४ एचएमआर, दोन सीझन वापरल्यानंतर

रायफल कशी आहे असं विचाराल तर चांगली आहे, पहिल्या दिवसापासून चांगलीच होती, पहिले सहा महिने मीच ती चुकीची लावून बसले होते. त्यामुळे हा रिव्ह्यू अर्धा रायफलचा आणि अर्धा माझ्या अकलेचा आहे, चालवून घ्या.

आधी खेळ कोणता ते ठरवा, मग रायफल. "लाँग रेंज" म्हटलं की सगळे एकाच टोपलीत टाकतात पण एफ-क्लास म्हणजे आडवं पडून, एका ठरलेल्या अंतरावर, कागदी टार्गेटवर शांतपणे मारायचं, तिथे वजनाची मर्यादा पण आहे, एफ-ओपनला १० किलो आणि एफ-टीआरला बायपॉडसकट ८.२५ किलो, आणि एफ-टीआरमध्ये .२२३ आणि .३०८ ही दोन कॅलिबर सोडून दुसरं काही चालतच नाही. पीआरएस (प्रिसिजन रायफल सीरीज) प्रकारातल्या मॅचमध्ये याउलट ९० सेकंद ते २ मिनिटं हातात, समोर बॅरिकेड, टायर, शिडी असलं काहीतरी, चार जागा बदलायच्या, आठ-दहा गोळ्या आणि वेगवेगळ्या अंतरावरच्या पोलादी प्लेटा. मला हा दुसरा खेळ खेळायचा होता आणि मी रायफल निवडली पहिल्या खेळाच्या डोक्याने, म्हणजे १०० मीटरला ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा झुबका, केवढा येतो एवढंच बघून!

कॅलिबरचं मात्र बरोबर निघालं. ६.५ क्रीडमूर घेतली, १४० ग्रेनची मॅच गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). .३०८ का नाही, तर साधं गणित आहे, ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असला तर १००० मीटरला ६.५ ची गोळी दोन मिलच्या (मिल हे कोनाचं माप, १००० मीटरला १ मिल म्हणजे १ मीटर) आसपास सरकते आणि .३०८ ची १७५ ग्रेनवाली तीनच्या वर जाते, आणि वाऱ्याचा अंदाज आपला चुकणारच आहे, मग चूक जितकी लहान तितकं बरं. .३०८ ची बॅरल दुपटीने टिकते हे खरंय. वरच्या फळीतले बरेच जण आता ६ मिमीकडे गेलेत, डॅशर, जीटी वगैरे काडतुसांकडे, कारण धक्का कमी. पण नवीन माणसाला बाहेर तयार मॅच काडतुसं सहज मिळायला हवीत, घरी रीलोडिंगचा संसार मांडायच्या आधी नेमबाजी तर शिकू दे. तिथे ६.५ क्रीडमूरला तोड नाही.

आता रायफल. बोल्टला दोन लग (चेंबर बंद धरणारे दात) आणि ९० अंशाची उचल, म्हणजे ७० अंशवाल्यांपेक्षा मूठ जरा जास्त उचलावी लागते आणि मोठ्या ऑब्जेक्टिव्हच्या स्कोपबरोबर हात कुठे जातोय ते आधी बघून घ्यावं, पण बोल्टची चाल गुळगुळीत आहे, मागेपुढे करताना कुठे खरखर नाही. दस्ता सिंथेटिक, पण आत ॲल्युमिनियमचं मिनी चॅसिस ओतून बसवलेलं, त्यामुळे ॲक्शन कायम एकाच जागी घट्ट बसते. मॅगझिन एआयसीएस पद्धतीचं (काढता-घालता येणारी पेटी), बरोबर ५ चं येतं, १० चं वेगळं घ्या, त्याशिवाय मॅचला जाऊच नका. बॅरलला १:८ ट्विस्ट (आतल्या खाचांचा ८ इंचात एक पीळ), तोंडाला आटे आधीच पाडलेले. ॲक्शनची ठेवण रेमिंग्टन ७०० सारखी असल्याने ट्रिगर, रेल, चॅसिस जे म्हणाल ते मिळतं, आणि माझ्या मते हीच या रायफलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, दोन वर्षांनी तुमचं मत बदललं तर सगळी रायफल विकावी लागत नाही. कंपनी मॅच दारूगोळ्यावर १०० यार्डला १ एमओएची (हेही कोनाचंच माप, तिथे साधारण २.७ सेंटीमीटर) हमी देते, माझी पाच गोळ्यांचे ग्रुप त्याच्या बऱ्याच आत मारत होती. मी खूश. कागद घडी करून पाकिटात ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

मग पहिली मॅच. ४०० मीटरची प्लेट, मी बॅरिकेडवर, ट्रिगर दाबला, धाड, आणि स्कोपमध्ये फक्त आकाश. खाली येऊन बघते तर प्लेट शांत. लागली का? चुकली तर कुठून चुकली, डावीकडून, वरून? काही पत्ता नाही. रेंज ऑफिसर लागली तर "इम्पॅक्ट" म्हणतात, चुकली तर गप्प, तुमची गोळी कुठे गेली हे सांगणं त्यांचं काम नाही. ४०० मीटरला गोळी जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचते, तेवढ्या वेळात स्कोप प्लेटवर परत आला नाही तर उडालेली धूळ आपल्याला दिसणार कशी? आणि धूळ दिसली नाही तर पुढची गोळी पण अंदाजपंचे. त्या दिवशी मी ८० पैकी २३ मारल्या. रायफल अर्ध्या एमओएची असो नाहीतर पाव एमओएची, काय उपयोग.

तिथले एक जुने नेमबाज माझी स्टेज बघत होते, नंतर येऊन म्हणाले, "अगं, बोल्ट काढ आणि रायफल दे इकडे." मग मला आडवं पडायला लावलं, डोळे मिटायला लावले, म्हणाले आरामात गाल टेकव, मान ढिली सोड, आता डोळे उघड. उघडले तर स्कोपच्या डाव्या कडेला काळी चंद्रकोर. म्हणजे मी इतके महिने दर गोळीला मान ताणून, चेहरा पुढे सरकवून डोळा स्कोपच्या मागे आणत होते, आणि धक्का बसला की सगळं मोडत होतं. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि दस्त्याची लांबी कारखान्यातून आली तशीच, कोणा धिप्पाड माणसाला होईल अशी! पॅडच्या मागचे स्पेसर काढले, लांबी कमी केली. गालाची पट्टी बाजूच्या नॉबने वर घेतली. स्कोप रेलवर दोन खाचा मागे आणला. परत डोळे मिटले, उघडले, पूर्ण गोल स्वच्छ चित्र, मान जिथल्या तिथे. पंधरा मिनिटांचं काम होतं हो. हे रायफल घेतल्याच्या दिवशी करायचं असतं आणि मी त्या दिवशी फोटो काढत बसले होते.

आणि खांद्याच्या सरळ मागे बसणं. रायफल तिरकी खांद्याला लावली की धक्क्याने ती एका बाजूला उडी मारते, शरीर तिच्या मागे सरळ असलं की ती सरळ मागे येते आणि सरळ परत जाते. हे मी रोज रिकाम्या रायफलवर करते, खोली मोकळी, काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेलं, नेम धरायचा, डोळे मिटायचे, उघडायचे, नेम हलला असेल तर हाताने ओढायचा नाही, कंबर सरकवायची.

स्कोपबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. फर्स्ट फोकल प्लेन घ्या (झूम बदलला तरी आतल्या रेघांचं माप तेच राहतं) आणि मिल-मिल घ्या, म्हणजे रेटिकल (त्या आतल्या रेघा) पण मिल आणि टरेट (नेम वरखाली करायचा नॉब) पण मिल, १ मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंटीमीटर, एका क्लिकला १ सेंटीमीटर, डोक्याला ताप नाही. स्कोपखालची रेल २० एमओए उताराची लावा, म्हणजे साधारण ५.८ मिल वरच्या बाजूला जास्तीचे मिळतात. माझ्या स्कोपला एकूण २० मिलचा प्रवास आहे, सपाट रेलवर त्यातले जेमतेम १० वर जायला उरतात आणि १००० मीटरला मला १० च्या आसपासच लागतात, म्हणजे टरेट नेमका हवा तिथेच संपला असता.

रेटिकल सरळ लावायला मी गवंड्यांचा जुना उपाय केला, ओळंबा. दोऱ्याला जड नट बांधून लांब टांगला, रायफलला पाणसळ लावून सरळ पकडली आणि उभी रेघ दोऱ्यावर आणली. आधीचं नजरेने लावलेलं काम दोन-तीन अंशांनी कलतं निघालं. तुम्ही म्हणाल दोन अंशांनी काय होतंय, तर १० मिल टरेट चढवलेला असताना १ अंश कलला की गोळी ०.१७ मिल बाजूला जाते, १००० मीटरला १७ सेंटीमीटर, ३ अंशाला अर्धा मीटर. मी ते वाऱ्याच्या माथी मारत होते. वारा बिचारा. आता स्कोपवर छोटी पाणसळ कायमची आहे आणि बॅरिकेडवर तर तिच्याकडे बघितल्याशिवाय ट्रिगरला हात लावत नाही, कारण उताराची जमीन डोळ्याला हमखास फसवते.

रिंगचे स्क्रू. पहिल्यांदा मी ते "घट्ट" केले होते, म्हणजे हाताला लागेल तेवढे. स्कोपच्या नळीवर दोन चट्टे आले आणि पॅरॅलॅक्सचा (अंतराप्रमाणे चित्र जुळवायचा) नॉब जड फिरायला लागला. मग टॉर्क रेंच आणला, वरच्या टोपीचे स्क्रू १८ इंच-पौंड, थोडे थोडे करून, तिरपे क्रमाने, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. बाकी ॲक्शन आणि रेलच्या स्क्रूंना ज्याच्या त्याच्या कागदावर आकडा दिलेला असतो, तो वाचा, मित्राला विचारू नका. बसवून झालं की नेलपॉलिशची एक रेघ स्क्रूवरून, हलला तर लगेच दिसतं.

मग टरेट खरं बोलतोय का बघा. मोजपट्टीने मोजून बरोबर १०० मीटर, उंच कागद, त्यावर ओळंब्याने आखलेली उभी रेघ, खाली एक ग्रुप, मग १० मिल चढवून त्याच बिंदूवर नेम धरून दुसरा ग्रुप. दोघांत बरोबर एक मीटर यायला हवा. माझा ९८ सेंटीमीटर आला. स्कोप फेकला नाही, बॅलिस्टिक ॲपमध्ये (कुठल्या अंतराला किती टरेट चढवायचा ते सांगणारं) तेवढी दुरुस्ती टाकली आणि ८०० च्या पुढे उगाच खाली जाणाऱ्या गोळ्या वर आल्या.

सगळ्यात जास्त फरक पडला वजनाने, आणि इथे या रायफलबद्दल माझं खरं मत. पेटीतून निघते तेव्हा ती चार किलोच्या थोडीशी वर आहे. डोंगर चढायला छान, बॅरिकेडवर हलकी. एचएमआर हे शिकारी आणि मॅच या दोघांच्या मधलं जनावर आहे आणि ते नावातच लिहिलंय, हंटिंग अँड मॅच रायफल, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. मी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा, बॅरलच्या तोंडावरचा) लावला, खाली आर्का रेल, म्हणजे वजनं वगैरे अडकवायची पट्टी, लावली (ती बरोबर येत नाही) आणि रेलवर पुढच्या बाजूला वजनं. आता सगळं मिळून सव्वाआठ किलो. तोल मॅगझिनच्या पुढे चार बोटांवर येतो, तिथे जड भरलेली बॅग खाली ठेवली की रायफल हात न लावता तशीच उभी राहते. ब्रेकमुळे शेजारी बसलेल्याचे कान जातात, त्यामुळे प्लग आणि वरून मफ दोन्ही. आणि झूम कमी करा! २५ वर मला प्लेट मोठी दिसायची पण धक्क्यानंतर सापडायची नाही, १२ ते १४ वर ठेवली आणि पहिल्यांदा गोळीने हवेत ओढलेली रेघ दिसली, मग प्लेटच्या उजव्या कडेबाहेर उडालेली माती. मी स्टेजवरच "दिसली!" म्हणून ओरडले, घड्याळ चालू असताना. ०.३ डावीकडे धरलं आणि पुढची लागली.

ट्रिगर कारखान्याचा चांगला आहे, पहिलं वर्ष तोच ठेवला. नंतर ट्रिगरटेकचा बसवला, दीड पौंडावर. ट्रिगरला हात लावलात तर रिकाम्या रायफलचा बोल्ट आपटून बंद करून बघा, सेफ्टी काढून-लावून बघा, आपोआप सुटता कामा नये. त्यात हयगय नको.

काडतुसाच्या डब्यावर २७१० फूट प्रति सेकंद छापलंय, माझ्या बॅरलमधून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) २६६० निघाले. ॲपमध्ये डब्यावरचा आकडा टाकून १००० मीटरला प्लेट शोधत बसणारे मी बघितलेत, मी पण त्यातलीच. स्वतःचा वेग स्वतः मोजा, आणि दर गोळीला वेग किती वरखाली होतो ते पण, ३० फुटांच्या फरकाने १००० मीटरला गोळी पाव मीटर वरखाली होते.

कोणी घ्यावी? पीआरएस सुरू करायचंय, हळूहळू एकेक भाग बदलत जायची तयारी आहे, त्यांनी बिनधास्त. ज्यांना पेटी उघडून थेट मॅचला जायचंय त्यांनी मुळातच जड चॅसिसवाली बघावी, नंतर वजनं लावत बसण्यात माझ्यासारखा एक सीझन जातो. एफ-क्लासवाल्यांसाठी ही नाहीच.

बॅरलचा हिशोब वहीत ठेवते, काल १८४० गोळ्या झाल्या. ६.५ क्रीडमूर साधारण दोन ते तीन हजारांच्या मध्ये थकते म्हणतात, माझा ग्रुप अजून तसाच आहे, पण वेग दहा-बारा फुटांनी उतरलाय, दर शंभर गोळ्यांनी मोजतेय. पुढची बॅरल परत ६.५ ची की ६ मिमीची यावर अजून ठरत नाहीये, डॅशर वापरणाऱ्या एकीने तिच्या रायफलवर पाच गोळ्या मारू दिल्या आणि पाचही लागताना दिसल्या, तेव्हापासून झोप उडालीय.