आधी इंटरकॉम घ्या, लाइट नंतर

कॉलेजच्या नाटकमंडळाला चार पैसे मिळाले की सगळ्यांना नवीन लाइट हवे असतात. माझं मत वेगळं आहे. आधी तारेचा इंटरकॉम घ्या, म्हणजे प्रयोग चालू असताना पडद्यामागच्या सगळ्यांना हेडसेटवरून एकमेकांशी बोलता येईल. मी सेट हलवणाऱ्या टोळीतून सुरुवात केली, आता विंगेत उभी राहून आमच्या स्टेज मॅनेजर ताईला मदत करते. या सगळ्या काळात एकच वस्तू कायम माझ्या कमरेला लटकलेली असते, ती म्हणजे बेल्टपॅक, इंटरकॉमचा कमरेला अडकवायचा डबा. तेव्हा त्याचे लाडही मला माहीत आहेत आणि खोडीही.

संच दिसायला अगदी साधा असतो. एक मुख्य स्टेशन, त्यातून निघणारी तीन पिनांची नेहमीची माइकची केबल, आणि त्या केबलला जोडलेले कमरेला अडकवायचे डबे. एका डब्यातून केबल पुढच्या डब्यात नेता येते. या केबलमधून आवाज तर जातोच, पण डब्याला लागणारी सुमारे ३० व्होल्टची वीजही तिच्यातूनच येते. म्हणजे डब्यात बॅटरी नाही. निम्म्या गुणांनी तो इथेच पास होतो. वायरलेसची बॅटरी दुसऱ्या अंकाच्या मध्यावर मान टाकते तेव्हा ती बदलायला ज्याला अंधारात धावावं लागतं, त्याला विचारा.

पद्धत काही आजची नाही. क्लिअर-कॉम ही कंपनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, ती रॉक मैफलींच्या गोंगाटात तंत्रज्ञांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं राहून बोलण्यासाठी जे बनलं, त्याला आमच्या विंगेतली कुजबूज म्हणजे किस झाड की पत्ती.

‘वॉकीटॉकीवर भागतं की!’ असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. नाही भागत. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीच्यांनी बटण सुटायची वाट बघायची. पार्टीलाइनवर, म्हणजे इंटरकॉमच्या या सामाईक लाइनवर, सगळे एकदम बोलू शकतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रयोगात कसा वाटतो ते सांगते. ब्लॅकआऊट झालाय, दोघं जण चाकांची लेव्हल (सेटचा चौथरा) आत ढकलतायत, आणि पुढचं चाक कार्पेटच्या दुमडीत रुतलं. ताईचं ‘लाइट चौदा, स्टँडबाय’ म्हणून झालेलं, म्हणजे चौदाव्या लाइट-बदलाला तयार राहा. ती पुढचा शब्द, ‘गो’, उच्चारणार (तो ऐकला की लाइटवाला बटण दाबतो) तेवढ्यात मी म्हटलं, ‘थांब ताई, लेव्हल अडकलीये.’ ती थांबली. आणि साउंडवर बसलेल्या दादानं, त्याला कोणी काही सांगितलं नसताना, संपत आलेलं संगीत तसंच पुढे वाहू दिलं. त्यानंही माझं ऐकलेलं होतं ना! चाक उचललं, लेव्हल खुणेवर बसली, मी ‘क्लिअर’ म्हटलं, ताईनं ‘गो’ दिला. प्रेक्षकांना फक्त जरा लांबलेला अंधार दिसला. हेच वॉकीटॉकीवर असतं तर बटण ताईच्या बोटाखाली, आणि पाठमोरी दोन माणसं भर उजेडात चाकाशी झटताना दिसली असती.

कॉलचं बटण ही आणखी एक कामाची गोष्ट. समोरच्यानं हेडसेट काढून ठेवला असेल तर बटण दाबायचं, त्याच्या डब्यावरचा लाल दिवा लागतो. फक्त तो दिवा बनवणाऱ्याला विंगेतला अंधार ठाऊक नसावा. आमच्याकडचा इतका झगझगीत आहे की बाजूच्या खुर्च्यांवरच्या प्रेक्षकांना दिसेल. मी त्यावर काळी टेप लावून बारीकशी फट ठेवली आहे.

आता खोडी. टॉकचं बटण टिचकी मारून सोडलं की माइक चालूच राहतो, दाबून धरलं तर बोट उचलेपर्यंतच. घाईत टिचकी बसते आणि मग कोणाचा तरी श्वास, खोकला, खासगी गाऱ्हाणी सगळ्या लाइनवर. आमच्या मुख्य स्टेशनवर सगळे माइक एकदम बंद करायची सोय आहे. विकत घेताना ती आहे ना, हे आवर्जून बघा. ती नसलेला संच मी तरी घेणार नाही. (आणि लाइनवर असताना गप्पांत ‘गो’ म्हणायचं नाही. लाइटवाल्याचं बोट बटणावरच असतं.)

दुसरी खोड म्हणजे गुणगुण. इंटरकॉमची केबल डिमरच्या (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) केबलींना खेटून लांबवर टाकली की कानात सतत भुणभुण येते. ती वेगळ्या वाटेनं न्यायची, ओलांडावीच लागली तर काटकोनात. हे माहितीपत्रकात ठळकपणे का छापत नाहीत कोण जाणे.

हेडसेट एकाच कानाचा घ्या. दोन्ही कान झाकले की रंगमंचावरचं ऐकू येत नाही, आणि नटानं दोन वाक्यं गाळली तर विंगेतल्या माणसाला ते कळायलाच हवं. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, अगदी जवळ ठेवायचा. मग पुटपुटलं तरी पोचतं. कानाच्या स्पंजला घामाचा वास मारतो, त्याला इलाज एकच, स्वतःचे कव्हर बाळगा.

सगळ्यात मोठी उणीव अर्थातच तार. लाइट, साउंड, स्टेज मॅनेजर, हे एका जागी बसणारे. त्यांचं काही अडत नाही. पण जो या विंगेतून त्या विंगेत फ्लॅट (सेटची उभी चौकट) घेऊन पळतो त्याच्या पायात ती येते. परवडत असेल तर त्या एकासाठी वायरलेस डबा जोडून घ्या, बाकी सगळे तारेवरच राहू द्या.

जुना संच मिळत असेल तर बेलाशक घ्या, आत बिघडण्यासारखं फार नसतं. प्रत्येक डबा लावून दोघांनी एकमेकांशी बोलून पाहा, बोलता बोलता केबल पिनेपाशी हलवा. खरखर आली तर आधी केबल बदला, डब्याला नावं नंतर ठेवा. मागची क्लिपही जाड पट्ट्याला लावून ओढून बघा. ढिली असेल तर दुसरा डबा मागा, कारण धावताना तो कमरेवरून सुटला की हेडसेटलाही सोबत घेऊन जातो.