दोन्ही सिस्टीम एसएसडीवर, की लिनक्स हार्ड डिस्कवर?

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये 256 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणि 1 टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. विंडोज आधीपासून होतंच, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हवं होतं. त्याचं म्हणणं, "मामा, डिस्क दोन आहेत ना, मग एकेकीवर एकेक टाकू."

या विचारात तथ्य आहे. दोन्ही सिस्टीमचे बूट विभाग (जिथून सिस्टीम सुरू होते तो डिस्कचा भाग) वेगळे राहिले, तर विंडोजच्या अपडेटने उबुंटूची वाट बंद होण्याची भीती कमी होते आणि पुढे उबुंटू काढायचं झालं तरी विंडोजला हात लागत नाही. फक्त इन्स्टॉल करताना लक्ष ठेवा: उबुंटूचा इन्स्टॉलर बरेचदा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पहिल्याच डिस्कवर टाकतो, मग दोन डिस्क वापरून उपयोग काय!

तरीही मी नको म्हणालो. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेऱ्यांची असते. सिनेमा साठवायला ती उत्तम, पण सिस्टीम सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात आणि दर वेळी तबकडीवरचं वाचणारं हेड सरकेपर्यंत थांबावं लागतं. विंडोज काही सेकंदांत उघडतं आणि उबुंटूला मिनिट लागतं, असं झालं की पोरं उबुंटू उघडणंच सोडतात. शिवाय मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, आणि अशा बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा 60 अंशांची. बंद खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये ती दिवसभर फिरवत ठेवू नये.

म्हणून दोन्ही सिस्टीम एसएसडीवर ठेवल्या. विंडोजमधूनच 60 जीबी जागा मोकळी करून ती उबुंटूला दिली. हार्ड डिस्क एनटीएफएसच (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) ठेवली, दोन्हीकडून वाचता येते. नोट्स, व्हिडिओ तिथे. कोडचे प्रोजेक्ट मात्र उबुंटूच्याच विभागात, कारण लिनक्सच्या फाइल परवानग्या एनटीएफएसवर नीट टिकत नाहीत.

वाट कुठलीही धरा, आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि उबुंटूतून विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही, तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी हा डिस्क हाताळायचा मोड चालू आहे का ते बघा. पण विंडोजची तयारी न करता ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर नेलंत तर विंडोज उघडणार नाही. नंतर घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे दिसलं तर घाबरू नका, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि विंडोज भारतीय वेळ.

एसएसडी 128 जीबीचीच असेल, तर दोन्ही सिस्टीमना जागा अपुरी पडते, म्हणून मात्र माझं मत बदलतं. तेव्हा सीताबर्डीच्या बाजारातून अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच आकाराची आणि जोडणीची) आणून हार्ड डिस्कच्या जागी बसवा आणि भाचा म्हणत होता तसं एकेकीवर एकेक टाका. काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घाला, बॅकअपला होईल.